ना जिंकणं ना हरणं, तरी शहर आणि संसार चालवायचे गेम लोक इतकी वर्षं का खेळतायत?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगा सुट्टीत घरी आला की रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर शहर बांधत बसतो, त्यात ना शत्रू ना गोळीबार ना शेवटी बक्षीस, आणि पुतणी आली की ती दुसऱ्याच गेममध्ये कुणाचा तरी संसार चालवत बसते, तर ह्यात असं आहे तरी काय की जगभर लोक हे सोडत नाहीत, आणि मुलाचा वेळ वाया चाललाय का. मी जळगावात ले-आउटची, म्हणजे जमिनीवर प्लॉट आणि रस्ते आखून द्यायची कामं करतो, सिव्हिलवाला आहे, आणि हे गेम कॉलेजपासून आजपर्यंत खेळत आलोय, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. जरा लांबेल.

मला जे वाटतं ते आधीच सांगून टाकतो. खऱ्या आयुष्यात ठरवतो एक आणि भोगतो दुसराच, ते पण कितीतरी वर्षांनी. मी आज एखाद्या शेताचा ले-आउट पाडला, ९ मीटरचा रस्ता ठेवला, १० टक्के ओपन स्पेस सोडली, एनए, म्हणजे बिगरशेती झालं, प्लॉट विकले गेले, घरं उठली, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याच कोपऱ्यावर स्कूल व्हॅन आणि पाण्याचा टँकर समोरासमोर अडकतात तेव्हा मी तिथे नसतो, आणि जो अडकलाय त्याला हा कोपरा असा का ठेवला हे कधी कळत नाही. गेममध्ये रस्ता आखतो तो मीच आणि त्यावर गाड्यांची रांग लागलेली बघतो तोही मीच, मध्ये फार तर वीस मिनिटं गेलेली असतात. ह्या गेमची सगळी ओढ माझ्या मते इथून येते. सत्ता गाजवायला मिळते म्हणून लोक खेळतात असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही, कारण सत्ता मारामारीच्या गेममध्ये पण भरपूर मिळते आणि तरी त्यातले बहुतेक गेम थोड्याच दिवसांत शिळे होतात.

सुरुवात कशी झाली ते बघा. विल राइट नावाचा अमेरिकन माणूस, १९८४ ला त्याचा हेलिकॉप्टरचा एक गेम आला, बेटांवर जायचं आणि कारखाने बॉम्बनं उडवायचे. ती बेटं तयार करायला त्यानं स्वतःपुरता एक एडिटर लिहिला होता, रस्ते टाका, इमारती ठेवा असा, आणि त्याच्या लक्षात आलं की उडवण्यापेक्षा हे मांडत बसण्यातच जास्त मजा येतेय. मग तो शहरांबद्दल वाचायला लागला. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये शहराचं गणित मांडलं होतं, माणसं, घरं, नोकऱ्या, एक वाढलं की दुसरं कुठे दाबलं जातं. दुसरीकडून जॉन कॉनवेचा १९७० चा 'गेम ऑफ लाइफ', ज्यात चौकटीच्या पाटीवर प्रत्येक घर फक्त शेजारच्या आठ घरांकडे बघून जगायचं का मरायचं ते ठरवतं. ह्या सगळ्यातून सिमसिटी हा शहर बांधायचा गेम झाला. प्रकाशकांना तो नको होता, कारण ह्यात जिंकायचं कसं हाच त्यांचा पण प्रश्न होता. शेवटी राइट आणि जेफ ब्रॉन यांनी १९८७ ला मॅक्सिस नावाची कंपनी काढली आणि १९८९ ला गेम बाजारात आला.

त्या पहिल्या सिमसिटीचा नकाशा म्हणजे १२० बाय १०० चौकटी, बास. राहण्याची जागा हिरवी, दुकानांची निळी, कारखान्यांची पिवळी. घरं तुम्ही बांधतच नाही, फक्त जागा आखून ठेवता, वीज देता, रस्ता देता, लोक आले तर आले. प्लॉट पाडून ठेवलेत पण घर कधी उठेल ते आपल्या हातात नाही, हे आमच्या धंद्यात रोजचंच. आणि आतलं गणित काय होतं, तर राहत्या जागेतून एक कल्पित गाडी निघते, रस्त्यानं साधारण ३० चौकटी जाते, तेवढ्यात तिला कामाचं ठिकाण सापडलं तर ठीक, नाही सापडलं तर त्या वस्तीची वाढ थांबते. कारखान्याचा धूर बाजूला पसरतो, धुरानं जमिनीचा भाव उतरतो, भाव उतरला की गुन्हे वाढतात, गुन्हे वाढले की लोक जातात, लोक गेले की कर कमी येतो, कर कमी आला की तुम्ही पोलिसांचा खर्च कापता, आणि मग आणखी लोक जातात. एकेक नियम लहान पोराला पण समजेल असा, पण एकात एक अडकले की पुढे काय होणार ते भल्याभल्याला सांगता येत नाही. तीन-चार वेगळ्या गोष्टींची साखळी डोळ्यासमोर फिरताना बघायला मिळणं हे मला तरी आयुष्यात आधी कुठे मिळालं नव्हतं, कॉलेजमध्ये तर नाहीच, तिथे रस्त्यांचा पेपर वेगळा आणि पाणीपुरवठ्याचा वेगळा.

आता मुलगा जो खेळतो तो बहुतेक सिटीज स्कायलाइन्स असेल. फिनलंडच्या टाम्परे शहरातली कोलोसल ऑर्डर नावाची छोटी कंपनी, गेम आला मार्च २०१५ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी नवी सिमसिटी आली होती, पण ती नेटशिवाय चालत नव्हती आणि शहराला जागा पण फार थोडी, जुने खेळाडू नाराज होते, त्यातले बरेच इकडे वळले. ह्यात मोठा फरक असा की माणसं खरीच धरलेली आहेत. प्रत्येकाला घर आहे, कामाची जागा आहे, तो सकाळी निघतो तो कुठून कुठे चाललाय हे क्लिक करून बघता येतं.

आणि इथे खानदेशातल्या माणसाला जे दिसतं ते फिनलंडवाल्याला दिसणार नाही. गेमच्या सुरुवातीला रिकाम्या जमिनीत फक्त एक हायवे आलेला असतो, त्याला तुम्ही आपला पहिला रस्ता जोडायचा. नवा खेळाडू काय करतो, त्या जोडाच्याच दोन्ही बाजूंनी दुकानं, घरं, गोदामं लावून मोकळा होतो, कारण सगळ्यात सोपं तेच. थोड्या वेळात बाहेरगावचे ट्रक, एमआयडीसीसारख्या भागातला माल, शाळेला निघालेली पोरं, सगळे एकाच पट्टीवर. जळगावचा हायवे आठवा! सुरत-नागपूर महामार्ग, आधीचा सहा नंबर, थेट गावातून जातो, खोटेनगर, आकाशवाणी चौक, अजिंठा चौफुली, एका बाजूला कॉलेज आणि दुसऱ्या बाजूला कॉलन्या, आणि समांतर रस्ते पाहिजेत म्हणून गावानं किती वर्षं मागणी केली, किती अपघात झाले, ते इथल्या माणसाला सांगायला नको. समांतर रस्ता म्हणजे काय तर लांबचं वाहन आणि जवळचं वाहन वेगळं काढणं. स्कायलाइन्समध्ये पोरगं हे कुणी न शिकवता शिकतं, कारण न शिकल्यास शहर बंद पडतं. हायवेवरून मोठ्या रस्त्यावर, तिथून मधल्या, मग गल्लीत, अशी उतरंड लावली आणि चौक कमी केले की तीच वस्ती, तेवढीच माणसं, पण गाड्या वाहायला लागतात. माझ्याकडे कामाला येणाऱ्या नव्या पोरांना मी हे कागदावर समजावतो तेव्हा मान डोलवतात, पण ज्यानं गेम खेळलाय तो डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, बघितल्याबरोबर विचारतो की सर हा रस्ता पुढे कुठे सुटतो, आणि खरा प्रश्न तोच असतो.

दुसरं एक उदाहरण मला फार आवडतं. खेळणाऱ्यांच्या बोलीत त्याला डेथ वेव्ह म्हणतात. तुम्ही एकदम मोठी वस्ती आखली की ती एकदम भरते, येणारी माणसं साधारण एकाच वयाची, सगळं छान चालतं, आणि मग एके दिवशी सगळी एकदमच म्हातारी होऊन जायला लागतात, शववाहिन्या कमी पडतात, रस्ते अडतात, घरं ओस. नवा माणूस म्हणतो गेममध्ये बिघाड आहे. अहो पण भुसावळ-जळगावच्या जुन्या कॉलन्या बघा ना, रेल्वेतले, बँकेतले, शिक्षक, सगळ्यांनी एकाच दहा वर्षांत सोसायटीत प्लॉट घेतले, एकाच दहा वर्षांत घरं बांधली, तेव्हा प्रत्येक अंगणात पोरं, आणि आता गल्लीच्या गल्ली दोन-दोन म्हाताऱ्या माणसांची, पोरं पुण्याला. तिथे बालवाडीसाठी सोडलेली जागा पडून आहे आणि दवाखान्याला जागा नाही. वस्ती थोडी थोडी, वेगवेगळ्या वेळी वाढू द्यावी हे गेममधलं जुनं औषध आहे, आणि ते खऱ्या गावाला पण लागू आहे असं मी मनापासून मानतो.

ठरवणारा आणि भोगणारा एकच असला की काय होतं, ह्याचं आपल्याकडचं उदाहरण पण देतो. माझं आजोळ साक्रीकडे. पांझरेच्या काठानं फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली, नदीवर बंधारा, त्यातून पाट, उतारानं पाणी, आणि खालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एका वर्षी एकच पीक, पुढच्या वर्षी बदलायचं. पाणी वाटायला पाटकरी. "पानीनी पाळी कोनी शे?" हे वाक्य मी तिथे लहानपणी रोज ऐकायचो. वरच्या माणसानं जास्त पाणी ओढलं तर त्याच हंगामात खालचा माणूस बांधावर येऊन उभा राहायचा, आणि खालच्या फडात वरच्याचा पण तुकडा असायचा बऱ्याचदा. चूक आणि तिचा त्रास एकाच गावात, एकाच हंगामात फिरत राहिल्यामुळेच ती व्यवस्था इतकी टिकली. शहरं मोठी झाली आणि ही फेरी तुटली. गेममध्ये ती परत जोडलेली दिसते, आणि म्हणून तिथे माणसाचं मन रमतं.

आता पुतणीकडे येतो, ती सिम्स खेळत असणार. हा पण विल राइटचाच, फेब्रुवारी २००० चा. १९९१ मध्ये ओकलंडच्या मोठ्या आगीत त्याचं घर जळालं, आणि एकेक वस्तू परत घेताना आपल्याला खरं काय काय लागतं हा विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला. आधी त्याला घर बांधायचाच गेम करायचा होता, माणसं फक्त घर नीट जमलंय का ते सांगायला. मग लक्षात आलं की माणसंच जास्त बघण्यासारखी आहेत. आतली युक्ती पण सुंदर आहे, अक्कल माणसात कमी आणि वस्तूत जास्त ठेवलेली. फ्रिज सांगत असतो की माझ्याकडे भूक भागेल, पलंग सांगतो झोप मिळेल, टीव्ही सांगतो करमणूक होईल, आणि त्या माणसाला त्या क्षणी जे सगळ्यात कमी पडलंय तिकडे तो जातो. भूक, झोप, स्वच्छता, चार माणसांत बसणं अशा आठ गरजा. बोलतात ती भाषा मुद्दाम कुठलीच नाही, नुसते आवाज, म्हणून ते काय भांडतायत ते तुम्ही तुमच्या मनात भरता. अर्धा गेम खेळणाऱ्याच्या डोक्यात चालतो, आणि पुतणीला विचारलं तर ती त्या घराची अशी हकीकत सांगेल की जी कॉम्प्युटरमध्ये कुठे लिहिलेलीच नाही.

ह्यात पण फेरी तीच, फक्त लहान. मोरी स्वयंपाकघरापासून लांब ठेवली, बसायला जागा ठेवली नाही, एकाच खोलीत सगळ्यांना कोंबलं, की दोन दिवसांत घरात चिडचिड. मी घरांचे नकाशे करताना हे नेहमी बघतो, लोक हॉल मोठा मागतात आणि म्हातारीला बसायला ओटा ठेवत नाहीत. एक खंत आहे, सिम्समध्ये एका घरात आठच माणसं बसतात, आपल्याकडचं खटल्याचं घर त्यात मावत नाही, आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, झोपायची सोय त्यांना सुचलेली नाही. पैशांचे चीट कोड, म्हणजे टाइप केले की आयते पैसे देणारे शब्द, पण आहेत, पुढच्या भागांत तर एका शब्दावर ५०,००० मिळतात. ज्याला फक्त घर सजवायचंय त्याला ते ठीक, पण संसार चालवायचा म्हणून जे खेळतात ते चीट वापरले की चार दिवसांत कंटाळतात असं मी बघितलंय, आणि ते बरोबरच आहे, खर्चाचा चटकाच गेला तर ठरवण्यात काय उरलं.

शेतीचे गेम पण ह्याच घरातले. स्टारड्यू व्हॅली, २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं कोड, चित्रं, संगीत सगळं केलेलं. २८ दिवसांचा हंगाम, पाऊस पडला की त्या दिवशी पाणी द्यायला नको, बुजगावणं नसेल तर कावळे पीक खातात. त्यात केळीचं झाड आहे आणि ते महिन्याभरात लागतं, रोज एक फळ देतं, आता रावेर-यावलच्या माणसाला हे कसं पचणार, आपल्याकडे केळीला वर्ष लागतं, घड एकदाच, मग खोड कापायचं आणि बुंध्याच्या पिलावर पुढचं पीक, म्हणजे पिलबाग धरायचा, त्यात सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर उपटून फेकायचं. तरी माझा एक मावसभाऊ, स्वतः केळीवाला, हा गेम आवडीनं खेळतो. कारण विचारलं तर म्हणाला इथे किती पण माल विकला तरी भाव पडत नाही. मला ते फार लागलं. कष्ट केले की तेवढं मिळणार एवढी साधी हमी, ती पण जिथे मिळत नाही तिथला माणूस ती पडद्यावर शोधतो.

आता ह्यात जे खोटं आहे ते पण सांगतो, कारण गेम म्हणजे शहर असं मुलानं मानलं तर ते धोक्याचं आहे. प्रत्येक गेममध्ये बनवणाऱ्याचं मत लपलेलं असतं. पहिल्या सिमसिटीत सगळे रस्ते काढून नुसती रेल्वे टाकली तरी शहर मजेत चालायचं. २०१३ च्या सिमसिटीत पार्किंग दाखवलंच नाही, जमिनीखाली आहे असं धरलं, कारण खऱ्याइतकं पार्किंग दाखवलं तर नकाशावर नुसती पार्किंगचीच मैदानं दिसली असती, हे बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट, खाली दुकान वर घर. धुळ्याचा आग्रा रोड घ्या, जळगावचं जुनं गाव घ्या, आपली पेठ ह्याच्यावरच उभी आहे. अमेरिकन पद्धतीचे हे गेम राहणं वेगळं, दुकान वेगळं असं रंगानं तोडून टाकतात, म्हणून त्यात गाड्या एवढ्या लागतात. २०२३ च्या स्कायलाइन्सच्या दुसऱ्या भागात एकत्र वापराची सोय आली, इतकी वर्षं लागली. लोटगाडी, आठवडे बाजार, तर अजून नाहीतच. गेम खेळताना पोरानं हे विचारायला शिकलं पाहिजे की इथे काय मोजलेलं नाही.

मोबाईलवरचे जे फुकट असतात ना, इमारतीला सहा तास लागतील, घाई असेल तर पैसे भरा, ते मी ह्या घरात धरत नाही. दिसायला सारखे, पण तिथे तुमच्या ठरवण्याचा परिणाम बघायला मिळत नाही, फक्त वाट बघायला लावतात आणि त्या वाट बघण्याचे पैसे घेतात. २००९ चा फार्मव्हिल असाच, घड्याळ लावून पीक काढायला उठायचे लोक, नाहीतर वाळायचं. मुलगा ह्यात असेल तर नक्की टोका.

वेळ वाया जातोय का, तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसला तर जातोच, झोप कुठल्याच शिक्षणापेक्षा मोठी आहे. पण एरवी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि हा चौक इथे का, हा भाग रिकामा का, असं विचारा, तो तासभर बोलेल. स्कायलाइन्समध्ये खऱ्या जमिनीचे चढउतार नकाशात घेता येतात, तर त्याला आपलंच गाव उभं करायला सांगा, नदी, रेल्वे, रुळाच्या दोन्ही बाजूंना वाढलेल्या वस्त्या, आणि बघा तो कुठे अडतो. जिथे अडेल तिथे गावपण अडलेलं असेल.

मशीनचं म्हणाल तर जुना लॅपटॉप असेल तर २००३ ची सिमसिटी ४ अजून उत्तम चालते, आणि मला विचाराल तर प्रादेशिक, म्हणजे शेजारशेजारची शहरं जोडणाऱ्या नकाशाच्या बाबतीत ती आजही सगळ्यात चांगली. ओपनटीटीडी पूर्ण फुकट आहे, रेल्वे-बस चालवायचा, भुसावळसारख्या जंक्शनच्या माणसाला तर सोडवणार नाही. सिम्स ४ चा मूळ भाग ऑक्टोबर २०२२ पासून फुकट झालाय, वरचे पॅक महाग आहेत, पुतणीनं मागितले तरी आधी मूळच खेळू द्या. स्कायलाइन्स पहिल्याला ८ जीबी रॅममध्ये सुरुवात होते, मोड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या टाकायच्या तर १६ लागतात. दुसऱ्या भागाला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, त्यासाठी लगेच नवीन लॅपटॉप घेऊ नका, पहिल्या भागातच अजून कितीतरी वर्षांचं काम आहे.